कार्डाचं इन्स्पेक्शन

आमच्या शाखेत इन्स्पेक्शनचे साहेब येणार असले की आधी फिनेलचा वास येतो. मग पाण्याच्या माठावर नवं झाकण येतं, पासबुक छापायचं यंत्र अचानक बरं होतं, तक्रारपेटीचं हरवलेलं कुलूप सापडतं (किल्ली सापडत नाही, पण साहेब किल्ली मागत नाहीत), आणि एरवी अकराला उगवणारे आमचे एक सहकारी पावणेदहालाच टेबलाशी बसून खातेदारांना "या, बसा" म्हणू लागतात. खातेदार बिचारे घाबरतात. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काहून जी, आज बँकीत कोनी मेलं काय?"

साहेब दोन दिवस बसतात, रजिस्टरं चाळतात, बासुंदी नको नको म्हणत दोन वाट्या घेतात आणि ‘शाखेचे कामकाज समाधानकारक’ असा शेरा लिहून जातात. यात कुणीही खोटं बोललेलं नसतं. साहेबांना जे दिसलं ते तिथे होतंच. फक्त ते साहेबांना दिसण्यापुरतं होतं.

हे पुराण लावण्याचं कारण असं, की गेल्या मे महिन्यात आमच्या यवतमाळच्या घरी एक इन्स्पेक्शन झालं आणि त्यात साहेब मी होतो. तपासायचं होतं ते एक ग्राफिक्स कार्ड.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते मी बी.कॉम. असल्यामुळे बी.कॉम.ला समजेल असंच सांगतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे ब्रँच मॅनेजर. हुशार, पण एका वेळी थोड्याच फायली बघणार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मागच्या हॉलमध्ये बसलेले हजारो कारकून. प्रत्येकाला येते ती साधी बेरीज-गुणाकार, पण सगळे एकदम करतात. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येकाचा रंग ठरवायचा. चित्र हलतंय असं वाटायला हवं असेल तर हे सेकंदाला साठ वेळा करायचं, म्हणजे झाले १२ कोटी ४४ लाख ठिपके दर सेकंदाला. आमच्याकडे आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डात असे ३५८४ कारकून आहेत. एकही चहाला उठत नाही.

सेकंदाला किती चित्रं, हा हिशेब तसा जुना. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणला, त्या मूकपटांच्या काळात साधारण १६ चित्रं सरकत. बोलपट आले आणि आकडा २४ वर स्थिरावला. सिनेमात आपण नुसते बघत असतो, त्यामुळे तेवढ्यात भागतं. खेळात मात्र आपण बोट हलवलं की चित्राने तत्काळ हललं पाहिजे. म्हणून ६० असले की लोणी, ३० असले तर चालवून घ्यायचं, आणि १० च्या खाली आले की आमची शकुंतला. कालिदासाची नव्हे, यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजवरची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४ पर्यंत ओढलं. गाडी चालत होती तोवर तिच्या वेगाबद्दल प्रवाशांचं एकमत होतं: उतरून चालत गेलो तर आधी पोचू, पण बरोबर सामान आहे.

तर आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांनी हे कार्ड शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गृहस्थाकडून वापरलेलं मिळवलं. किंमत १६,००० रुपये, दोन दिवसांत पसंत नसेल तर परत. वापरलेलं म्हटल्यावर माझ्यातला कर्ज विभाग जागा झाला. कारण मधल्या काळात या कार्डांना लोकांनी वेगळ्याच कामाला जुंपलं होतं. इथेरियम नावाचं आभासी नाणं पाडायला लोकांनी ओळीने कार्डं लावून ती अहोरात्र चालवली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि जगभरातली ही कार्डं एका दिवसात बेकार झाली. अशी व्ही.आर.एस. घेतलेली कार्डं मग पुसूनबिसून बाजारात आली.

गंमत म्हणजे ३०६० काढतानाच, २०२१ साली, एनव्हिडिआ कंपनीने त्यात एक खोच ठेवली होती: इथेरियमचं काम आलंय असं ओळखलं की कार्डाने निम्म्या वेगाने चालावं. (काम ओळखून वेग निम्मा करणारी यंत्रणा आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण तिचं पेटंट कुणी घेतलं नाही.) पुढच्याच महिन्यात कंपनीने स्वतःच चुकून असा एक ड्रायव्हर बाहेर सोडला की त्याने ही खोच निघाली. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. हा दुभाषी पुढेही आपल्याला भेटणार आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा.

"लावून बघ, दिवा लागतो का," मी म्हणालो.

"बाबा, दिवा सगळ्यांचाच लागतो. लोड द्यावा लागतो."

मुद्दा बरोबर होता. बैलबाजारात लोक बैलाचे दात बघतात, चालवून बघतात आणि मग जुंपून बघतात. कार्डाला जुंपायचं म्हणजे त्याच्यापुढे एखादा दांडगा खेळ टाकायचा. हे मला चिरंजीवांनी सांगायची गरज नव्हती; या शास्त्राचा इतिहास मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

ही चाल पाडली ‘क्वेक’ने. १९९६ साली हा खेळ आला, त्यात ‘टाइमडेमो’ नावाची सोय होती. आधी खेळून ठेवलेला एक डाव यंत्राने जमेल तितक्या वेगाने पुन्हा दाखवायचा आणि शेवटी सेकंदाला किती चित्रं पडली ते सांगायचं. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. त्याच सुमारास थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं होतं, मग इतर आली, आणि कोणतं घ्यावं हा प्रश्न पडलेली दुनिया कंपनीच्या जाहिरातीऐवजी ‘क्वेक’चा आकडा विचारू लागली. कार्ड घेणारा शेवटी खेळच खेळणार होता, तेव्हा परीक्षा म्हणूनही खेळच बरा.

पण प्रश्नपत्रिका एकच आणि परीक्षा दरवर्षी, म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. २००१ सालच्या ऑक्टोबरात एटीआय कंपनीचं रेडिऑन ८५०० आलं. ‘क्वेक ३’मध्ये ते मोठं पळत होतं. अमेरिकेतल्या काही खटपट्या परीक्षकांनी एक साधी गोष्ट केली. खेळाच्या फाइलीत जिथे जिथे ‘क्वेक’ लिहिलं होतं तिथे ‘क्वॅक’ करून टाकलं. खेळ तोच, बंदूक तीच. फक्त नावात बदकाचा आवाज. आणि काय आश्चर्य! वेग खाली आला आणि चित्र सुधारलं. म्हणजे दुभाषी नाव वाचत होता. ‘क्वेक’ दिसलं की साहेब आले असं समजून भिंतींवरची नक्षी धूसर करायची आणि वाचलेल्या वेळात पळायचं. ‘क्वॅक’ आलं तेव्हा त्याला वाटलं, कुणी साधा खातेदार असेल.

हा किस्सा मी प्रथम वाचला तेव्हा इतका हसलो की शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

दीड वर्षाने दुसऱ्या पक्षाची पाळी आली. फिनलंडच्या फ्युचरमार्क कंपनीची ‘थ्रीडीमार्क ०३’ ही खास परीक्षेसाठीच बनवलेली चित्रमाला होती. तिच्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच जायचा. एनव्हिडिआच्या ड्रायव्हरला ही वाट पाठ होती, त्यामुळे कॅमेरा जिथे वळणारच नाही तिथलं काही तो काढतच नव्हता. कुणीतरी कॅमेरा वाटेवरून खाली उतरवला तर बाजूचं चित्र फाटकं! आमच्याकडे साहेबांच्या खुर्चीवरून दिसते तेवढीच भिंत रंगवतात, तसंच. मे २००३ मध्ये फ्युचरमार्कने चौकशीचा अहवाल काढला. दुरुस्त परीक्षेत एका कार्डाचे गुण तब्बल २४ टक्क्यांनी उतरले. आणि जूनच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी मिळून निवेदन दिलं की ही लबाडी नसून विशिष्ट प्रोग्रामपुरती केलेली सुधारणा आहे. ते वाचून मला त्या निवेदनाचा मसुदा करणाऱ्याला आमच्या विभागीय कार्यालयात बढतीवर घ्यावंसं वाटलं.

आणि मग आला २००७ चा नोव्हेंबर.

त्या महिन्याच्या मध्यावर, एकाच आठवड्यात, जगात दोन निकाल लागले. एक पुण्याचा. टाटांच्या कंपनीने उभारलेला ‘एका’ नावाचा महासंगणक जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत चौथा आला, आशियात पहिला. त्याची परीक्षा म्हणजे प्रचंड संख्येने एकसामयिक समीकरणं सोडवणं. त्याने सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणितं केली. आमच्या विदर्भाला या प्रांताचा आधीपासून अभिमान आहे. पुण्याला १९९१ साली ‘परम ८०००’ बनवणारे विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे शकुंतलेच्या गावाजवळचे. इतक्या संथ गाडीच्या शेजारी वाढलेल्या माणसाने वेगाचा ध्यास घ्यावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

दुसरा निकाल असा, की त्या आठवड्यात जर्मनीच्या क्रायटेकने ‘क्रायसिस’ हा खेळ काढला आणि त्यात जगातली सगळी कार्डं नापास झाली. क्रायटेक म्हणजे येर्ली आडनावाचे तीन भाऊ. त्यांनी आधी एनव्हिडिआच्या कार्डाची ऐट दाखवायला डायनासोरचं एक बेट करून दिलं होतं. त्यातून पुढे २००४ चा ‘फार क्राय’ झाला. ‘क्रायसिस’मध्येही बेटच, पण त्यावर असं जंगल उगवलं की प्रत्येक पानावर ऊन वेगळं. तोवरच्या खेळांत वस्तू जमिनीवर ठेवल्यासारख्या वाटत नसत, चिकटवल्यासारख्या वाटत. कारण खऱ्या जगात सांदीकोपऱ्यात उजेड कमी पोचतो, पोत्याच्या बुडाशी, पानाच्या बेचक्यात थोडा अंधार साचतो. तो अंधार झटपट काढायची युक्ती ‘क्रायसिस’ने पहिल्यांदा खेळात आणली. त्या एका अंधाराने चित्र जिवंत झालं आणि कार्डांचा जीव गेला. बाजारातलं महागडं ८८०० जीटीएक्स घ्या, मोठ्या पडद्यावर सगळं वरच्या दर्जाला लावा, ३० सुद्धा गाठणं कठीण.

त्यात क्रायटेकच्या मंडळींनी धरलं होतं की प्रोसेसरचा वेग असाच वाढत जाणार. झालं भलतंच. वेग वाढायचा थांबला आणि एकाऐवजी चार-चार, आठ-आठ प्रोसेसर एका चिपवर बसू लागले. ‘क्रायसिस’ची फाइल मात्र बरीचशी एकाच मॅनेजरच्या टेबलावर जाणारी, शेजारी सात रिकामे बसले तरी उपयोग नाही. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं नवं यंत्र आलं की लोक एकच विचारत: "यावर क्रायसिस चालतो का?" २०२० साली खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातल्या सर्वात वरच्या दर्जाचं नावच त्यांनी या प्रश्नावरून ‘कॅन इट रन क्रायसिस?’ असं ठेवलं.

मी तेव्हा पुसदजवळच्या एका शाखेत होतो. लग्न व्हायचं होतं, खोलीवर दोघं राहायचो, आणि अर्धा पगार घालून मी ८६०० जीटी नावाचं कार्ड घेतलं होतं. मित्राने नागपूरहून डीव्हीडी आणली (कुठून आणली ते तेव्हाही विचारलं नाही, आताही विचारू नये). वरच्या दर्जाला चित्रं पडली सेकंदाला नऊ. समुद्रकिनाऱ्यावरून पहिल्या झाडापर्यंत जाईतो स्टोव्हवर पोहे होत. शेवटी सगळे दर्जे खाली आणले. खेळ पळू लागला, पण झाडं पुन्हा चिकटवल्यासारखी दिसायला लागली. पानांखालचा अंधार गेला होता. आम्ही मुकाट्याने तसंच खेळलो.

त्याच नोव्हेंबरात आमच्याकडेही इन्स्पेक्शन होतं. सुरुवातीला सांगितला तो म्हातारा शेतकरी त्याच वेळचा. तीन एकरांचा धनी, कापूस लावायचा, पीककर्ज थकलेलं. थकीत खाती फार दिसू नयेत म्हणून अशा दहा-बारा जणांना बोलावून वरच्यांनी समजावलं. एका दिवसापुरते कुठूनतरी पैसे आणा, कर्ज भरा, लगेच नवं कर्ज काढून देतो. म्हाताऱ्याने सावकाराकडून आणले, भरले, दुसऱ्या दिवशी नवं कर्ज घेऊन सावकाराला दिले. नोंदी मी केल्या. अक्षर माझं बरं आहे. साहेबांनी खातं पाहिलं, नियमित. समाधानकारक.

२९ फेब्रुवारी २००८ ला दिल्लीत अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर झाली. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असलेलं कर्ज त्यात बसत होतं. शाखेत याद्या लागल्या, तेव्हा म्हातारा बराच वेळ भिंतीशी उभा होता. मग माझ्याकडे आला. "यादीत आपलं नाव दिसून नाई रायलं जी."

मी म्हणालो, "बाबाजी, तुमचं खातं चोख आहे ना. थकलेल्यांचीच नावं आहेत ती."

"चोख हाय?" म्हणाला. "मंग बरं झालं." आणि गेला.

आता पुन्हा मे महिन्यात या. यवतमाळात पारा ४४ वर. चिरंजीवांनी कार्ड बसवलं, ‘क्रायसिस’ची नवी आवृत्ती लावली, आणि मी बँकेतून आणलेल्या कोऱ्या रजिस्टरात रकाने आखले: वेळ, खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान, चित्रं. या कार्डाचं तापमान ८३ च्या आसपास गेलं की ते आपणहून दमाने घेतं, त्यामुळे घरातला एकुलता एक कूलर संगणकाच्या खोलीत आला. थेट समोर ठेवायचा नाही, ओल येते, दारात ठेवायचा. दारात ठेवला की सौ. आणि आई यांना स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट राहत नाही. "अहो, कार्डाला गार वारं आणि माणसं चुलीपाशी?" असा एक प्रश्न आला. मी तो रजिस्टरात नोंदवला नाही.

पहिल्या रात्री मी जेवायला गेलो होतो तेव्हा चिरंजीवाने चाचणी सुरू केली. आलो तेव्हा कार्ड ७४ वर आणि चित्रं ७१. तासाभराने पुन्हा डोकावलो. ७२. झोपण्यापूर्वी पाहिलं, ७१. अठरा वर्षांपूर्वी मला जिथे नऊ मिळाले होते, त्या बेटावर हा पोरगा सेकंदाला एकाहत्तर चित्रांनी धावत होता. मी खूश झालो. शेऱ्याच्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिणार, पेन टेकवलं, आणि सहज पडद्याकडे पाहिलं.

झाडं चिकटवल्यासारखी दिसत होती.

चष्मा पुसून पाहिलं. किनाऱ्यावर एक खडक होता, त्याच्या बुडाशी काही नव्हतं. पानांच्या बेचक्यात काही नव्हतं. मी काही न बोलता पाणी प्यायला म्हणून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि चपला काढून अनवाणी परत आलो. दारात कूलरआडून पाहिलं. पडद्यावर सगळा अंधार जागच्या जागी होता, प्रत्येक पानाखाली. आणि कोपऱ्यातला आकडा होता ३४.

म्हणजे बाबांची चप्पल वाजली की दर्जा खाली. ‘क्वेक’ आला की एक, ‘क्वॅक’ आला की एक.

त्याने मला पाहिलं. कान लाल झाले. "तुम्ही परत कराल म्हणून," तो म्हणाला. "चौतीसच येतात. मला वाटलं, चौतीस म्हणजे तुम्हाला खराब वाटेल."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांची एवढी भाषणं ऐकली आहेत की त्यातलं कुठलंही जसंच्या तसं देता आलं असतं. पण समोर ते रजिस्टर होतं आणि त्यात माझंच बरं अक्षर होतं. आणि खरं म्हणजे पास व्हायला किती लागतात हे मी पोराला सांगितलंच नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून शोधलं. याच जातीच्या कोऱ्या कार्डांना याच दर्जावर किती मिळाले होते, याचे आकडे लोकांनी लिहून ठेवले होते, आणि आमचे चौतीस त्यांच्यातच बसत होते. कार्ड आजारी नव्हतं. खेळच तसा होता.

मी रजिस्टरातल्या ७१, ७२, ७१ वर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली.

"सावल्या चालू कर," मी म्हणालो. "सगळ्या."

रात्री दीडपर्यंत आम्ही ते चालवलं. कार्ड ७९ पर्यंत चढलं. दर अर्ध्या तासाने तो आकडा सांगे, मी लिहीत असे: ३४, ३३, ३३, ३४, ३१. एकतीसला तो माझ्याकडे बघायला लागला. मी एकतीस लिहिले. मधे एकदा त्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला सावली गेलेली कशी कळली?" मी म्हणालो, "पुसदला पाहिली होती." तेवढ्यात आतून सौ.चा आवाज आला, "अहो, तुमचं झालं असेल तर कूलर इकडे आणा, आईंना झोप लागत नाहीये," आणि चिरंजीव उठून कूलर ढकलायला लागले.